अज्ञान पालनकर्ता

सातबाराच्या उताऱ्यावर जमिनीचा मालक अल्पवयीन असला, म्हणजे त्याच्या नावाशेजारी 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे घालून कोणा काकाचे अथवा मामाचे नाव लिहिण्याचा महसूल खात्याचा जुना शिरस्ता आहे. 'अज्ञान पालनकर्ता' असा त्या अक्षरांचा विस्तार असून, अज्ञान असतो तो बालक, पालन करतो तो काका, आणि प्रत्यक्ष जमीन कसून खातो तोही बहुधा काकाच, हे महाराष्ट्रातील कोणत्याही दिवाणी न्यायालयाच्या शिपायास ठाऊक आहे. अलीकडे शाळाशाळांतून पर्यावरणाच्या नावाने जे काही चालते ते पाहून, मनुष्यजातीने निसर्गाच्या उताऱ्यावर आपले नाव ह्याच रकान्यात चढवून घेतले असावे, अशी आमची समजूत होऊ लागली आहे. "निसर्ग वाचवा", "नद्यांना जीवदान द्या", "वसुंधरेचे रक्षण करा" अशा घोषणा तिसरीतील चिमुरडी मुठी वळवून देऊ लागली, म्हणजे निसर्ग नावाचा कोणी आईबापावेगळा, कृश आणि मुखदुर्बळ पोरका पोर कोपऱ्यात बसला असून आठ वर्षांच्या ह्या धीरोदात्त मंडळींनी त्याच्या शिक्षणाचा व लग्नाचा खर्च पत्करला आहे, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ह्या पालकांना सकाळी तोंड धुण्यास लागणारे पाणी, दुधात विरघळणारी साखर आणि घोषणा देण्यास लागणारा श्वास कोणाच्या खात्यातून खर्ची पडतो, ह्याची चौकशी करण्याचे मात्र कोणास कारण पडत नाही.

पाठ्यपुस्तकाचा ह्यात दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. 'परिसर अभ्यास' ह्या नावाचे पुस्तक आम्ही नातीच्या दप्तरातून काढून वाचले, आणि अन्न, पाणी, हवा व निवारा मनुष्यास कोठून मिळतात हे त्यात सांगून झाल्यावरच त्यांची काळजी कशी घ्यावी हा विषय निघतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु पुस्तक आणि मूल ह्यांच्यामध्ये शाळेचे वार्षिक नियोजन, समारंभ समिती आणि पालकवर्ग अशी तीन खाती बसलेली असतात, व ह्या तिन्ही खात्यांतून फिरून येईतो धड्याचा पूर्वार्ध गहाळ होऊन केवळ उत्तरार्ध मुलाच्या पदरी पडतो. ह्याचे कारण उघड आहे. रक्षणास प्रमुख पाहुणा मिळतो, हार मिळतो, छायाचित्र मिळते. अवलंबून असण्यास ह्यांपैकी काहीच मिळत नाही. 'पर्यावरण रक्षण : काळाची गरज' ह्या विषयावर वक्तृत्वस्पर्धा होते, भाषण वडील लिहितात, मूल ते म्हणते, आणि सेवानिवृत्त मुख्याध्यापक त्यास हातवाऱ्यांचे गुण देतात. 'मी आज सकाळपासून कोणाचे काय खाल्ले' ह्या विषयावर स्पर्धा घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आमच्या लहानपणी हा विषयच नव्हता, आणि तरीही त्यात नापास होण्याची सोय नव्हती. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी एकवीस प्रकारची पत्री जमवून आणण्याचे काम घरातील सर्वांत निरुपयोगी इसमाकडे, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलाकडे असे. त्या निमित्ताने आघाडा कोणत्या बांधावर उगवतो, डोरलीला काटे किती, रुईचा चीक डोळ्यात गेल्यास काय होते, आणि शमीचे झाड ज्यांच्या आवारात आहे त्यांचा कुत्रा कोणत्या वेळी निजतो, इतके ज्ञान त्यास एका दुपारी प्राप्त होई. हल्ली पत्रीची जुडी मंडईत मिळते. तीत एकवीस प्रकार आहेत असे विकणारी बाई सांगते, घेणारा विश्वास ठेवतो, आणि गणपती ह्या बाबतीत प्रथमपासूनच क्षमाशील असल्यामुळे व्यवहार पुरा होतो.

बांधावरच्या ह्या विद्येची रवानगी शाळेच्या वेळापत्रकात कशी झाली, त्याचा इतिहास थोडक्यात असा. पर्यावरणाच्या कैवारासाठी प्रसिद्ध असलेले वकील महेशचंद्र मेहता ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या नोव्हेंबरात निकाल देऊन, चित्रपटगृहांनी खेळाच्या वेळी पर्यावरणाचे संदेश फुकट दाखवावेत आणि शिक्षणसंस्थांनी हा विषय सक्तीने शिकवावा, असे फर्माविले. फर्मानाची अंमलबजावणी आपल्या देशाच्या प्रकृतीस मानवेल अशाच बेताने होत गेल्यामुळे, २००३ साली त्याच न्यायालयास पुनश्च लक्ष घालून अभ्यासक्रम तयार करविण्याची तजवीज करावी लागली. हेतू निर्विवाद थोर होता. पण आमच्याकडे कोणतीही थोर गोष्ट सक्तीची झाली की तिला गुण द्यावे लागतात, गुण द्यावयाचे म्हणजे पुरावा लागतो, आणि पुरावा म्हटला की त्याची फाइल होते. निसर्गाची जी फाइल झाली, तिचे नाव 'प्रकल्प'.

प्रकल्पाची बातमी घरात रात्री नऊनंतर फुटते. जेवणे आटोपली आहेत, सूनबाई उद्याच्या डब्याच्या विवंचनेत आहेत, चिरंजीव दूरध्वनीच्या पडद्यात मग्न आहेत, अशा मुहूर्तावर नात दप्तर उघडून, जणू त्यात आपला काहीच संबंध नाही अशा तटस्थतेने, "उद्या टाकाऊपासून टिकाऊ न्यायचंय" असे जाहीर करते. वास्तविक आमच्या घरात टाकाऊ वस्तूंचा तुटवडा कधीच नव्हता. माळ्यावर एक खाते केवळ त्यासाठीच राखून ठेवलेले आहे. पण तुटका कंदील, दांडी गेलेली छत्री आणि आमच्या तरुणपणीचा रेडिओ ह्या वस्तू नातीने एका दृष्टिक्षेपात नामंजूर केल्या, कारण बाईंनी फळ्यावर आइस्क्रीमच्या काड्यांचे पेनस्टँड लिहून दिले होते. सबब आजोबांची नेमणूक कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानी झाली.

तेथे गेल्यावर असे दिसून आले की, त्या इयत्तेतील यच्चयावत आजोबा त्याच कामगिरीवर निघालेले आहेत. दुकानदाराने मान वर न करता "तिसरी ना?" असे विचारले, आणि ज्यांनी आयुष्यात कधी आइस्क्रीमचा स्पर्श अनुभवला नाही अशा कोऱ्या करकरीत काड्यांचे पाकीट, मुद्दाम जुनाट दिसणारा खाकी कागद, चमकी, लोकर आणि डिंकाची नळी असा संच काढून ठेवला. आमच्यामागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांस रिकाम्या बाटल्या हव्या होत्या. त्यांना मिळालेले उत्तर आमच्या स्मृतिपटावर कोरले गेले आहे. दुकानदार म्हणाला, "काका, टाकाऊ संपलं. सोमवारी माल येईल."

बाटल्यांवाचून अडले असे नाही. घरातील सरबताची अर्धी भरलेली बाटली पातेल्यात रिकामी करून तिला टाकाऊत जमा करण्यात आले, तिच्याभोवती काड्या चिकटविण्यात आल्या, काड्यांवर चमकी व चमकीवर लोकर चढली, आणि मध्यरात्रीच्या सुमारास सूनबाईंच्या हातून नातीच्या कलागुणांचा विकास पूर्ण झाला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या दालनात अशी पेनस्टँडे ओळीने मांडलेली होती, आणि त्यांत उभी करण्याइतकी पेने सबंध वॉर्डात नसावीत असे वाटले. प्रदर्शन आटोपले; टिकाऊ घरी आले; रविवारपर्यंत ते टिकले.

सोमवारी सकाळी कचरा घेण्यास येणाऱ्या मावशींपुढे नातीने ते ठेवले, तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट फिरविले, एका काडीला नखाने उचकटून पाहिले, आणि परत ठेवले. "बाळा, नुसती बाटली दिली असतीस तर किलोवर गेली असती," त्या म्हणाल्या. "आता हिला डिंक लागला, चमकी लागली, लोकर लागली. हिला कोण घेणार? हिला भाव नाही." मग पायरीवर टेकून त्यांनी आपल्या पोत्यातील दोन पिशव्या काढल्या, एक नातीच्या कानाशी धरून चुरगाळली, मग दुसरी चुरगाळली. एक कडकड वाजली. दुसरीने नुसती कुरकुर केली. "ही वेगळी, ही वेगळी. दोन्ही एकत्र वितळवल्या तर दोन्ही फुकट." नातीने त्या दिवशी घरातील एकूण एक पिशवी कानाशी धरून वाजवून पाहिली, आणि तिचे वर्गीकरण मावशींनी दुसऱ्या दिवशी तपासून तीन चुका काढल्या. ह्या अभ्यासक्रमास गुण नव्हते, फाइल नव्हती, व पालकांस करण्यासारखेही काही नव्हते. टाकाऊपासून टिकाऊ करण्याच्या उद्योगात विकाऊ वस्तूची टाकाऊ होते, हा सिद्धान्त मात्र ज्या बाईंनी एका वाक्यात सांगितला, त्यांना पर्यावरण दिनास बोलावण्याचे समारंभ समितीच्या स्वप्नातही आलेले नाही.

प्लास्टिकबंदीवरील भित्तिपत्रकास प्लास्टिकचे पातळ आवरण चढवून आणावे, अशी सूचना आमच्या नातीच्या वहीत आम्ही स्वतः वाचली आहे. २०१८ साली राज्य सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांवर व थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, त्या बंदीची माहिती देणारा तक्ता पावसात भिजू नये, हा त्यामागील विचार असावा. आणि दूरदृष्टी म्हणून त्यास नावे ठेवता येत नाहीत.

वृक्षारोपणाविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले असल्यामुळे आम्ही हात आखडता घेतो. कन्हैयालाल मुनशींनी १९५० साली वनमहोत्सवास चालना दिली, तेव्हापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात ह्या देशात खड्डे पडतात. आपल्या राज्याने तर २०१६ साली दोन कोटी, पुढील वर्षी चार कोटी, मग तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपांचा संकल्प सोडला. ह्यांतील शेवटचा आकडा वनखात्याने काढला की देवघरातून घेतला, हे सांगवत नाही. आम्हांस परिचित असलेल्या एका शाळेच्या आवारात खड्डा कायम असून रोप दरसाल नवे असते. खड्डा सुस्थितीत राखण्याकडे मुख्याध्यापकांचे जातीने लक्ष आहे. कारण रोप पाचपन्नास रुपयांस मिळते, परंतु पाहुण्यांच्या गुडघ्यांस मानवेल अशा उंचीच्या जागी, पार्श्वभूमीस शाळेची पाटी येईल असा खड्डा पुन्हा साधणे कठीण.

ह्याच्या उलट, अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेले आज्ञापत्र पाहावे. आरमारास लाकूड हवे, हे पंतांना पक्के ठाऊक होते, आणि ते त्यांनी आडपडदा न ठेवता लिहून ठेवले आहे. परंतु आंबा, फणस ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखास पारावार राहत नाही. सबब त्यांस हात लावू नये, आणि एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालेच तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे, असा त्या कलमाचा आशय आहे. सरकारास झाड कशाला हवे, रयतेस कशाला हवे, आणि दोघांची गरज एकाच बुंध्याशी येऊन भिडली म्हणजे काय करावे, हे सगळे एका कलमात आले; वसुंधरेस उद्देशून घोषणा द्यावी असे पंतांना सुचले नाही. चौथीच्या परिसर अभ्यासाचा दुसरा भाग शिवछत्रपतींच्या चरित्राचा असतो, हा योगायोग आम्हांस फार आवडतो. भाग पहिला व भाग दुसरा ह्यांची गाठ अमात्यांच्या ह्या कलमापाशी घालून द्यावी, हे मात्र कोणा शिक्षकाच्या मनात आलेले दिसत नाही.

शहरातील शाळा वर्षातून एकदा मुलांना निसर्ग दाखविण्यास नेते. त्यासाठी माणशी जी वर्गणी घेतली जाते, तीत बस, वेफर्स, टोपी आणि निसर्ग ह्यांचा समावेश असतो. मुले एका शेतावर जातात, तेथे भाडोत्री बैलगाडीत बसतात, एक गाय पाहतात, गायीस मुले पाहून कंटाळा आलेला असतो. आणि परत आल्यावर 'मला गायीचे दूध काढताना पाहून खूप आनंद झाला' असे दहा ओळींचे निबंध लिहितात. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्या दोन बायांनी ह्याच महाराष्ट्रात, डहाणूच्या बाजूस, कुरणशाळा नावाचा एक प्रयोग केला होता. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीस काम सुरू केले तेव्हा त्यांना दिसले की, आदिवासींची मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे रानात असतात. मग शाळाच गुरांमागे रानात गेली. गुरे चरत, मुले शिकत, आणि पाने, दगड, बिया, पक्षी हेच शैक्षणिक साहित्य असल्यामुळे त्याचे दरपत्रक मागवावे लागत नसे. त्या मुलास रानाचा धडा शिकविण्याची गरज नव्हती, त्याला अक्षरे हवी होती. आमच्या मुलांस अक्षरे मुबलक झाली असून कुरण बसने आणावे लागते. आता ह्यांत प्रगती कोणती म्हणावी, ह्याचा निवाडा शिक्षणखात्याने करावा. आमची ती मुनसफी नव्हे.

अवलंबून असण्याचा धडा शिकविण्यास बस लागत नाही, ही गोष्ट आमच्या घरी मसाला करण्याच्या दिवशी सिद्ध झाली. नातीच्या आजीने गोड्या मसाल्याचे सामान निवडण्यास काढले होते. धने, तीळ, खोबरे, दालचिनी ह्यांच्या ढिगांमध्ये एका वाटीत काळपट-करडे, सुकलेल्या पापुद्र्यांसारखे काहीतरी चुरगळून पडले होते, आणि नातीने ते कचरा समजून टाकण्यास उचलले. "अगं, ते दगडफूल आहे," आजी कडाडली. नातीने एक पापुद्रा उजेडात धरला. एका बाजूने तो राखेसारखा करडा होता, दुसऱ्या बाजूने काजळासारखा काळा. कडा कुरळ्या, वास ओल्या मातीचा, आणि मध्ये अडकून राहिलेला सालीचा एक बारीकसा तुकडा.

"हे फूल आहे?"

"फूल नाही नि फळ नाही. दगडावर, झाडावर येतं. तेलात परतलं की बघ."

ह्यावर आम्हांस आमची विद्वत्ता पाजळण्याची संधी मिळाली. दगडफूल म्हणजे एक वनस्पती नसून, बुरशी व शैवाल ह्या दोघांचे एकत्र कुटुंब आहे. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते, शैवाल उन्हात बसून अन्न शिजविते, आणि दोघांचे जमते. मात्र ह्या कुटुंबास मुळे नसल्यामुळे जे हवेत असेल ते सगळे अंगात मुरते, आणि म्हणून हवेत गंधकाचा धूर वाढला की सर्वांत आधी जी मंडळी गाव सोडतात त्यांत हे बहुसंख्य असतात. नातीने थोडा विचार केला. "म्हणजे आपल्या कॉलनीतल्या झाडांवर का नाही?" असे तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता खाली जाऊन तिने चौकातील पिंपळापासून वाण्याच्या दुकानाजवळच्या कडुनिंबापर्यंत सर्व बुंध्यांची झडती घेतली. सापडले ते पानाचे डाग, निवडणुकीची पत्रके आणि खिळे. "आजी," ती वर येऊन म्हणाली, "आमटीत टाकायचं असेल तर लांबून आणावं लागणार." पर्यावरणरक्षणाचा उल्लेख ह्या संभाषणात कोठेही आला नाही, हे आजीच्या लक्षात आले नाही आणि आम्ही आणून दिले नाही.

राज्याच्या मानचिन्हांचा जो तक्ता मुलांना पाठ करावा लागतो, तोही ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल हा राज्यपक्षी, ताम्हण हे राज्यपुष्प, आंबा हा राज्यवृक्ष. आणि २०२३ साली ह्यांत पापलेटाची राज्यमासा म्हणून भर पडली. पापलेट कमी होत चालले, लहान पिल्लेच जाळ्यात येऊ लागली, तेव्हा त्याच्याकडे लक्ष वेधण्यासाठी हा सन्मान देण्यात आला. आमच्या ओळखीच्या एका सारस्वत कुटुंबातील मुलाने तक्ता पाठ करताना पानातील तुकड्याकडे बोट दाखवून आईस विचारले की, राज्यपक्षी खाल्ला तर पोलीस धरतात, मग राज्यमासा कसा चालतो? प्रश्न वेडगळ नव्हता. शेकरूची आपण काळजी करतो, पण त्याच्यावाचून आपले दुपारचे जेवण अडत नाही. पापलेटाच्या बाबतीत जिव्हाळा थेट जिभेपासून सुरू होतो. कोळीवाड्यातील मुलांस हा तक्ता पाठ करावा लागत नाही. जून-जुलैत होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, घरात सुक्या मासळीवर भागवावे लागते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावाचून दर्यात जाळे सोडावयाचे नसते, हे सरकारी बंदीच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या आज्या सांगत आलेल्या आहेत. मासळी नको त्या वेळी धरली तर पुढे काय खायचे, इतका साधा तो हिशेब.

ह्या सर्वांहून अधिक मोठा धडा आमच्या इमारतीतील मुलांस पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्यांनी दिला. एके दिवशी पाणी आले नाही, मुले गच्चीवर रिकामटेकडी बसली होती, आणि शेजाऱ्यांनी त्यांना सहज विचारले, "पाणी कुठून येतं रे?" "टाकीतून," एक म्हणाला. "टाकीत?" "टँकरमधून." शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर अशी वेदना उमटली की, पस्तीस वर्षांची नोकरी वाया गेली असे त्यांना वाटले असावे. खडू मागवून त्यांनी गच्चीच्या फरशीवर टेमघर, वरसगाव, पानशेत ही धरणे काढली, त्यांच्या खाली खडकवासला काढले, त्यातून पुणे शहरापर्यंत रेघ ओढली. १९६१ च्या १२ जुलैस पानशेत फुटले तेव्हा ही रेघ पेठांतून कशी गेली, हे सांगताना त्यांचा आवाज किंचित बदलला. मग मुलांना वाटले धडा संपला, कारण पाणी नळाशी आले की संपले अशीच त्यांची, व त्यांच्या वडिलांचीही, समजूत होती. पण शेजाऱ्यांनी नवा खडू घेतला. नळापासून मोरी, मोरीपासून गटार, गटारापासून मुठा, संगमावर मुळा भेटून मुळा-मुठा, ती भीमेस मिळते, आणि भीमा जाते उजनीच्या धरणात.

"उजनीचं पाणी कोण पितं?"

कोणास ठाऊक नव्हते. "सोलापूर," शेजारी म्हणाले. "आणि त्याच्याही आधी, धरणाच्या खाली, पंढरपूर. तिथे भीमेला चंद्रभागा म्हणतात."

ही रेघ पाहून आम्हीही अंतर्मुख झालो. दर आषाढात पुण्यातून पालखीबरोबर हजारो माणसे पायी पंढरीस निघतात. ह्याच माणसांचे सांडपाणी नदीने स्वतंत्र प्रस्थान ठेवते, उजनीस मुक्काम करते, भिगवणच्या रोहित पक्ष्यांस पाय ठेवावयास चिखल पुरविते, आणि अखेरीस वाळवंटात उभयतांची गळाभेट होते. तीर्थात बुडी मारणाऱ्या पुणेकरास ते पाणी ओळखीचे वाटत असल्यास त्यात भक्तीचा भाग किती व पूर्वपरिचयाचा किती, हे ठरविणे अवघड आहे.

मुलांनी ही वार्ता आनंदाने ऐकली. आपण चूळ भरलेले पाणी सोलापूरच्या मुलांकडे जाते, ह्या कल्पनेने एक-दोघे अगदी लोटपोट झाले. "तसंच जात नाही, शुद्ध करून सोडतात," शेजारी म्हणाले, आणि खात्यात नोकरी केलेल्या माणसाच्या प्रामाणिकपणाने पुढे जोडले, "असं कागदोपत्री तरी आहे." हशा चालूच होता. तेवढ्यात आमची नात, जी अद्याप टेमघराच्या रेघेवर उकिडवी बसली होती, मान वर करून म्हणाली, "आजोबा, टेमघरच्या वर राहणारी मुलं चूळ कुठे भरतात?"

हशा थांबला. शेजाऱ्यांनी खडू खाली ठेवला.

त्या प्रश्नाची परिणती एका अर्जात झाली. पाणी आले त्या दिवशी पहाटे गच्चीवरील टाकी नेहमीप्रमाणे ओसंडून वाहिली, आणि मुलांनी तो धबधबा प्रथमच पाहिल्यासारखा पाहिला. अर्जाचा मसुदा अर्थात शेजाऱ्यांचा होता. 'मेहेरबान सचिव साहेब, कारणे विनंती अर्ज ऐसा जे' येथून आरंभ करून, टाकी भरल्यावर पंप वेळेवर बंद होत नसल्याने सोलापूर व पंढरपूर येथील रहिवाशांच्या आणि अर्जदारांच्या हितास बाध येत असल्याची कैफियत त्यात मांडलेली होती, आणि खाली सर्व अर्जदारांच्या सह्या होत्या. लिहिता न येणाऱ्या एकाचा निळ्या शाईचा अंगठा होता. सोसायटीच्या सचिवांना हे फारच गोड वाटले. त्यांनी अर्ज मासिक सभेत वाचून दाखविला, टाळ्या घेतल्या, आणि स्वतः सूचक होऊन 'जलदक्षता समिती (बालविभाग)' स्थापण्याचा ठराव मंजूर करून घेतला. पाण्याचा अपव्यय करताना कोणीही इसम आढळल्यास समितीने त्यास लेखी समज द्यावी, असे एक कलम त्यांनी कौतुकाच्या भरात स्वहस्ते घातले. पंपास आपोआप बंद होणारी कळ बसविण्याचा प्रश्न खर्चाचा असल्यामुळे पुढील सभेपर्यंत तहकूब झाला.

पुढील सभा अजून भरावयाची आहे. मध्यंतरी एका रविवारी सकाळी सचिव महाशय रबरी नळी घेऊन आपली मोटार धूत असता, बालविभागाचे शिष्टमंडळ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले, आणि वहीतून फाडलेल्या कागदावर लिहिलेली समज आमच्या नातीने दोन्ही हातांनी त्यांना सादर केली. सचिवांनी ती वाचली, हसण्याचा प्रयत्न केला, आणि मग ह्या ठरावाचे सूचक आपण स्वतः आहोत ह्या वस्तुस्थितीकडे त्यांनी मुलांचे लक्ष वेधले.

"हो काका, माहीत आहे," नात म्हणाली, आणि दुसरा कागद पुढे केला. "इथे सही करा. समज मिळाल्याची पोच हवी."